आप्पा असताना उतरलेली मिशी

माझी मिशी आता परत आली आहे. पूर्वीइतकी दाट नाही, मधेमधे पांढरी आहे, पण आहे. सकाळी आरशासमोर उभा राहून मी तिच्यावरून बोट फिरवतो तेव्हा ज्योती, म्हणजे माझी बायको, हसते. "हरवलेली म्हैस सापडल्यासारखं काय करता हो?" म्हणते. हसू दे. तिनं फार दिवस हसायचं राखून ठेवलं होतं.

ज्यांना सध्या सकाळी उशीवर केसांचे पुंजके दिसताहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. कोणतं औषध, किती बाटल्या, रक्तात काय वाढलं आणि काय कमी झालं, ते तुमचे डॉक्टर सांगतीलच. मला त्यातलं निम्मंही कळलं नव्हतं. मी सांगणार आहे ते वेगळंच. आजार आत असतो, तो कोणाला दिसत नाही. डोक्यावर आणि ओठावर काय उरलंय ते मात्र सगळ्या गावाला दिसतं, आणि गाव आपल्या मनानं त्याचा अर्थ लावून मोकळं होतं. माझ्या बाबतीत गावानं असा अर्थ लावला की माझा बाप मेला.

*

बुऱ्हाणपुरात माझा फोटो स्टुडिओ आहे. खाली दुकान, वर घर. लग्नाचं काम आता पोरं ड्रोन उडवून करतात, माझ्याकडे राहिले पासपोर्ट साइजवाले. मान सरळ, हनुवटी थोडी खाली, हलू नका. आयुष्यभर लोकांचे चेहरे न्याहाळून पोट भरलं. कोणाचा एक कान मोठा, कोणाचा भांग वाकडा, सगळं माझ्या नजरेला आधी दिसतं.

लायसन्ससाठी मलाच फोटो लागला तेव्हा कॅमेऱ्याचं बटण ज्योतीनं दाबलं. फोटो मी कॉम्प्युटरवर उघडला. डाव्या बाजूला, कॉलरच्या वर, मानेला फुगवटा होता. उजेड चुकला असेल असं वाटलं. मग हातानं आपलं नेहमीचं काम केलं. गिऱ्हाइकाची पुटकुळी पुसतो तसा मी तो फुगवटा पुसून टाकला, मान गुळगुळीत केली आणि प्रिंट काढली. फोटो सुरेख आला होता.

नंतर एका लग्नाला निघताना ज्योती माझ्या शर्टाचं वरचं बटण लावत होती आणि ते लागेना. तिची बोटं मानेवर थांबली.

"हे काय आहे?"

"काही नाही. सुजलं असेल."

"दुखतं?"

"नाही."

"मग हे सुजणं नाही," ती म्हणाली. लग्नाला आम्ही गेलोच नाही.

*

जळगावच्या डॉक्टरांच्या उजव्या भुवईत जुन्या जखमेची रेघ होती. ते बोलत होते आणि मी विचार करत होतो की यांचा फोटो काढायचा तर डावीकडून उजेड द्यावा लागेल. रसग्रंथींचा कॅन्सर, असं ते म्हणाले. बरा होणारा प्रकार आहे, असंही म्हणाले. हे दुसरं वाक्य ज्योतीनं ऐकलं, मी नाही. मला वाटतं त्या दिवशी डोकं स्वतःला वाचवायला असंच कुठेतरी पळून जातं. तुमच्यासोबत कोणीतरी दुसरं असू द्या, ज्याचं डोकं जागेवर आहे.

परत येताना भुसावळला गाडी थांबली. सकाळपासून दोघांच्या पोटात काही नव्हतं. ज्योती फलाटावर उतरून केळी घेऊन आली. मी म्हणालो, "घरी घडच्या घड येतात, आणि आपण केळी विकत घेतोय!" आम्ही दोघं हसलो आणि हसता हसता ती रडायला लागली. समोरच्या बाईनं काही न विचारता खिडकीजवळची जागा तिला दिली.

गाडी बुऱ्हाणपूरला यायच्या आत मी ज्योतीला बजावलं, "आप्पांना काही सांगायचं नाही."

आप्पा म्हणजे माझे वडील. निंबोल्याला एकटे राहतात. केळीचं शेत बटाईनं दिलंय, तरी रोज बांधावर जातात. ऐंशीच्या घरात आहेत, पण भाकरी स्वतः थापतात. शहरात या म्हटलं की "तुझ्या घरी उंबरठा हाये, पन अंगन नई," म्हणतात.

आईलाही गाठच होती. तिलाही आम्ही जळगावलाच नेलं होतं, आणि ती तिथून परत आली नाही. तेव्हापासून आप्पांनी गाठ हा शब्द तोंडातून काढलेला नाही. केळीच्या घडाची दोरी सोडायची असली तरी "ते बांधेल सोड" म्हणतात. त्या माणसाला मी काय सांगणार होतो?

ज्योतीला हे पटलं नाही. "तुम्ही त्यांना वाचवत नाही आहात. तुम्हालाच त्यांचा चेहरा बघायचा नाही," ती म्हणाली. यावरून आमची कडाक्याची भांडणं झाली. आजारपणात नवरा-बायको एकमेकांना जपतात असं लोक म्हणतात. जपतात, पण भांडून जपतात.

दर रविवारी मी निंबोल्याला जायचो, ते थांबवलं. दुकानात फार काम आहे म्हणून सांगितलं. आप्पांचा संध्याकाळी फोन यायचा. "जेवला का?" एवढंच विचारायचे. मी हो म्हणायचो. तोंडात फोड आलेले असायचे आणि पोटात पाणीसुद्धा ठरत नसायचं.

*

पहिल्या औषधानंतर काही दिवसांनी केस हातात यायला लागले. मी गोकुळकडे गेलो. माझी पहिली दाढी त्यानंच केली होती. त्याला खरं सांगितलं. न्हाव्यापासून काय लपणार? त्यानं गरम पाण्यात टॉवेल पिळून डोक्यावर ठेवला आणि हळूहळू सगळं उतरवलं. मी म्हटलं, "मिशी पण काढून टाक. तीही जाणारच आहे."

त्यानं वस्तरा खाली ठेवला. "नाही भाऊ, ये काम मुझसे नहीं होगा. आप्पा बैठेले हायेत ना निंबोल्यात?"

"अरे, ती आपोआप गळणार आहे."

"गळू दे. तिची मर्जी. तुमची माय गेली तवा डोकं मीच काढलं व्हतं, अन् मिशी तवा बी ठेवली व्हती. बाप हाये तोवर मी हात नाही लावणार."

आमच्याकडे ही रीत आहे. बाप हयात असताना मुलगा मिशी उतरवत नाही. डोकं नवसासाठी काढतात, उन्हाळ्यात काढतात, पोरं हौसेनंही काढतात. पण डोकं आणि मिशी दोन्ही साफ म्हटलं की त्याचा एकच अर्थ होतो, आणि तो कोणाला विचारावा लागत नाही.

मिशी गळायला गोकुळची गरज पडली नाही. एकदा तोंड धुतलं आणि टॉवेलवर निम्मी आली. मग उरलेली गेली, मग भुवया. आरशातल्या माणसाचा फोटो माझ्याकडे आला असता तर कुठून सुरुवात करावी ते मला कळलं नसतं.

*

दुकानात आप्पांचा एक मोठा फोटो लावलेला आहे. पांढरी टोपी, मागे केळीची बाग, ओठ मिटलेले पण डोळे हसरे. मी काढलेला सगळ्यात चांगला फोटो, म्हणून नमुन्यासाठी काउंटरच्या वर, उंच लावला. त्या फोटोखाली मी चकाचक डोकं आणि बिनमिशीचा ओठ घेऊन बसलो. आता सांगा, लोकांची तरी काय चूक?

पहिले आले ते एक कापडवाले सेठ. दारातच थबकले. माझ्याकडे पाहिलं, वर फोटोकडे पाहिलं, चपला काढल्या आणि आत येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"कधी झालं?"

मला क्षणभर कळलंच नाही. कळलं तेव्हा तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. आप्पा आहेत म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न ठरलेला होता, मग हे काय? त्या प्रश्नाचं उत्तर बाजारात जाऊन संध्याकाळच्या आत निंबोल्याला पोचलं असतं. मी गप्प बसलो. सेठना ते दुःख वाटलं.

"देवमाणूस होते," ते म्हणाले. आप्पांना ते कधीही भेटले नव्हते.

मग रांगच लागली. कोणी पाच मिनिटं टेकून जायचं, कोणी तेराव्याचं विचारायचं, कोणी आपला बाप कसा गेला ते सांगायचं. माझा बाप संध्याकाळी फोनवर "जेवला का?" विचारायचा आणि दुपारी मी त्याच्या मरणाचं सांत्वन घ्यायचो. एकदा मला सहन झालं नाही. एका ओळखीच्या माणसाला मी सरळ सांगितलं, "आप्पा ठणठणीत आहेत."

तो मागे सरकला. माझ्या ओठाकडे पाहत म्हणाला, "मग हे चांगलं नाही केलं भाऊ. बाप असताना असं करतात का?" आणि फोटो न घेताच निघून गेला.

म्हणजे मी एक तर बाप गेलेला, नाही तर बापाच्या जिवावर उठलेला. आजारी असण्याची सोयच कोणी ठेवली नव्हती. इतकी माणसं येऊन गेली आणि मला कसं वाटतंय ते एकानंही विचारलं नाही. घरात कोणी नसताना माणूस एकटा असतो, ते सोपं असतं. हे एकटेपण मला सोसलं नाही.

मी शटर अर्धं खाली ओढायला लागलो. बाहेर जायचं असलं की ज्योती पेन्सिलीनं माझ्या भुवया काढायची. पहिल्या दिवशी त्या जरा वर चढल्या आणि मी दिवसभर आश्चर्य वाटल्यासारखा दिसत होतो. वर टोपी, तोंडाला मास्क. आपल्याच गल्लीतून मी चोरासारखा जायचो.

*

तुम्हाला खोटं वाटेल, पण त्या दिवसांत मला बरं वाटायचं ते जळगावला, सलाईन लावून बसलेलं असताना. एका खोलीत खुर्च्यांची ओळ असायची आणि सगळी डोकी सारखी. कोण गेलं असं तिथे कोणी विचारत नव्हतं. नर्स शीर शोधता शोधता स्वतःच्या सासूच्या तक्रारी सांगायची. शेजारी यावलचे एक मास्तर बसायचे, त्यांनी टोप लावलेला असायचा आणि ते सारखा त्याला कंगवा करायचे. एकदा भांग पाडून झाल्यावर त्यांनी सवयीनं कंगवा माझ्यापुढे धरला, "घ्या." मग माझं डोकं बघून त्यांचा हात तसाच थांबला. आम्ही इतके हसलो की नर्स धावत आली. हातातली सुई हलली होती. मास्तर नंतर दिसले नाहीत. मी विचारलं नाही, नर्सनंही सांगितलं नाही.

*

माझ्या गावात मला नीट विचारलं ते एकाच माणसानं. पॉवरलूमवाले एक चाचा नातीच्या शाळेचा फोटो न्यायला आले होते. मी मान खाली घालून पाकीट पुढे केलं आणि ठरलेल्या प्रश्नाची वाट पाहत राहिलो. चाचा काउंटरवर वाकले.

"तबीयत ठीक नहीं है क्या भाई?"

मिशीची आमची रीत त्यांच्याकडे नाही. त्यांना माझ्या ओठावर मेलेला बाप दिसला नाही, माणूस उतरलेला दिसला. मला हुंदका आवरला नाही. मी त्यांना सगळं सांगितलं, आप्पांचंसुद्धा. ते स्टुलावर बसून राहिले, मधेच उठून समोरून चहा घेऊन आले.

जाताना म्हणाले, "वालिद को बता दो. बाप है, बोझ उठाना जानता है."

मी हो म्हणालो, आणि सांगितलं नाही.

*

त्यानंतर ज्योतीची आई रावेरला घसरून पडली आणि तिला माहेरी जावं लागलं. ती जायला तयार नव्हती, मीच पाठवलं. दुसऱ्या दिवशी एक जुने गिऱ्हाईक आले. त्यांच्या हातात चंदनाचा हार होता. मी उठेपर्यंत त्यांनी स्टूल ओढलं, वर चढले आणि आप्पांच्या फोटोला हार घातला. हात जोडले. "बिनाहाराचा बरा नाही वाटत," म्हणाले.

ते गेल्यावर मी तो हार काढायला स्टुलावर चढायला गेलो. औषध नुकतंच झालेलं होतं. डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी खाली बसलो. दोनदा प्रयत्न केला. जमलं नाही. कोणाला हाक मारावी तर काय सांगून मारावी? मग शटर ओढून मी तिथेच बसलो, जिवंत बापाच्या हार घातलेल्या फोटोखाली. चंदनाचा वास दुकानभर सुटला होता. सगळ्या आजारपणात मी एवढा कधी घाबरलो नाही. आप्पांना खरंच काही झालं तर ते माझ्यामुळे, असं सारखं मनात यायला लागलं.

त्या संध्याकाळी त्यांचा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी केला तर म्हणाले, "तुले काम हाये. मी कायले सारखा फोन करू?" आवाजात राग नव्हता, म्हणूनच जास्त लागलं.

*

खकनारला आप्पांचे चुलतभाऊ असतात, भिकाजीकाका. मागच्या वेळी जळगावहून येताना बसस्टँडजवळ चहा प्यायला मी मास्क खाली केला होता आणि समोर काका उभे दिसले. मी पटकन पाठ फिरवून निघून आलो. मला वाटलं त्यांनी पाहिलं नाही.

त्यांनी चांगलं पाहिलं होतं. चुलतभाऊ गेला आणि आपल्याला सांगावासुद्धा नाही, याचा त्यांना संताप आला होता. ते काकूला घेऊन दारावर, म्हणजे सांत्वनाला भेटायला म्हणून निघाले, ते थेट निंबोल्याला. पुढचं मला नंतर काकूनं सांगितलं.

रीतीप्रमाणे काकूनं गल्लीच्या तोंडापासूनच गळा काढला. "कसे वं सोडून गेले आप्पा, आमाले भेटले बी नई..." आप्पा ओट्यावर चहा पीत बसले होते. ते उठून रस्त्यावर आले.

"कोन गेलं वं?"

काकूनं रडणं तिथेच तोडलं. काका आधी चिडले, मग त्यांनी पाहिलं ते सांगितलं. तुझा पोरगा, डोकं साफ, मिशी साफ, मले पाहून पळाला. आप्पा मनात हिशेब लावू लागले. बायको पूर्वीच गेलेली, स्वतः तर उभे आहेत. मग पोरानं डोकं आणि मिशी कोणासाठी उतरवली? त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला, टोपी घातली आणि बस पकडायला निघाले. काका-काकू मागोमाग.

ज्योती अजून रावेरलाच होती. मी दुकानात, पडद्यामागच्या फोटोच्या खोलीत पडलो होतो. शटर वर गेल्याचा आवाज आला. मग काकूचा आवाज, "अगं माय, हार बी घातला!"

मग आप्पांचा. "भिका, काढ तो हार. मी हाये अजून."

टोपी शोधायला मी उठेपर्यंत पडदा सरकला. आप्पा दारात उभे होते. त्यांनी माझं डोकं पाहिलं, ओठ पाहिला, भुवया पाहिल्या. मी गिऱ्हाइकाचा चेहरा बघतो तसं एकेक करून पाहिलं. शेवटी त्यांची नजर मानेवर येऊन थांबली.

"गाठ हाये?" त्यांनी विचारलं.

आईनंतर पहिल्यांदा त्यांनी तो शब्द उच्चारला होता. मी मान हलवली.

"मी मेलो म्हनून लोकं येऊ देले. पन मले नई सांगलं."

"आप्पा, आईच्या वेळी तुम्ही..."

"तुझी माय गेली तवा मी तिच्या उशाशी व्हतो. तुझ्या उशाशी कोन हाये?"

मी रडलो. पन्नाशीचा माणूस बापासमोर रडतो तेव्हा तोंड कुठे लपवावं ते कळत नाही. गिऱ्हाइकांना बसवायच्या बाकावर आप्पा बसले आणि त्यांनी माझा हात धरून खाली ओढलं. मी जमिनीवर बसलो. त्यांनी माझं डोकं आपल्या मांडीवर घेतलं आणि त्यावरून तळवा फिरवला. त्यांच्या हातांवर केळीच्या चिकाचे काळे डाग आहेत, ते कधी निघत नाहीत. तळवा खरखरीत होता, आणि डोक्यावर केस नसल्यामुळे मला त्याची रेघ न् रेघ कळत होती.

"तुझं जावळ काढलं तवा तू मामाच्या मांडीवर व्हता," ते म्हणाले. "रिवाजच हाये तसा, मामानं घ्यायचं. मी खांबापाशी उभा. तू रडू रडू लाल झालता, मामापाशी काही राहत नव्हता. अन् मले घेता नई आलं."

त्यांचा हात थांबला नाही.

"आता कोनता मामा हाये इथं?"

मी तसाच पडून राहिलो. पडद्यापलीकडे काकू हार हातात धरून उभी होती, तो कुठे ठेवावा ते तिला कळत नव्हतं. तेवढ्यात कोणीतरी फोटो काढायला आलं. काकूच्या हातातला हार बघून ते दारातच कुजबुजलं, "कोण गेलं?"

"कोनी नई गेलं," भिजल्या आवाजात भिकाजीकाका म्हणाले. "आत बापलेक बसले हायेत. थांबा जरा."